वाट्याला आलेला किनारा

एप्रिलमध्ये मला आंध्र प्रदेश मिळाला. लोकांना बढती मिळते, बक्षीस मिळतं. मला एक आख्खं राज्य मिळालं, आणि त्यानंतर दोन-तीन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

राज्य फुटून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. आधी खुर्च्या, कपाटं आणि जीपगाड्या वाटून झाल्या, मग आमची, म्हणजे सरकारी नोकरीतल्या माणसांची, पाळी आली. नियम साधा होता. दहावीपर्यंतची जास्त वर्षं ज्यानं ज्या भागातल्या शाळेत काढली, तो तिथला. मी जन्मलो हैदराबादेत, वाढलो तिथल्याच नल्लकुंट्यात, घरात मराठी, मूळ गाव देगलूरकडचं. पण माझे वडील रेल्वेत होते, त्यांची बदली बापटल्याला झाली, आणि माझी शाळेची बरीच वर्षं त्या समुद्राकाठच्या गावात गेली. तेवढ्यावरून मी किनाऱ्यावरचा माणूस ठरलो. जून संपायच्या आत नव्या राजधानीत हजर व्हायचं होतं.

माझी बायको शालिनी नारायणगुड्याच्या एका खासगी शाळेत शिकवते. खासगी म्हणून नवरा-बायकोला एकत्र ठेवायची सवलत आम्हाला लागू नव्हती. मुलगी बेंगळुरूला नोकरीत. आणि बाबा. बाबा ब्याऐंशीचे आहेत, एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं उजेड-अंधार कळतो. घरात ते भिंतीला हात लावून फिरतात आणि गल्लीच्या टोकाच्या विहारात रोज सकाळी वंदनेला एकटे जातात, कारण तो रस्ता त्यांच्या पायांना पाठ आहे. त्यांना परक्या गावातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये नेणं म्हणजे एका खुर्चीत बसवून ठेवणं. म्हणजे मी तिकडे आणि ही दोघं इकडे, एवढंच शिल्लक राहत होतं.

बाबांना हे प्रकरण नवं नव्हतं. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा त्यांचे थोरले भाऊ महसूल खात्याबरोबर औरंगाबादला गेले, आणि पुढे दोघं भाऊ लग्नाला नाहीतर मयताला भेटत राहिले. माझं नाव आंध्राच्या बाजूला लागलंय हे कळल्यावर बाबा एकच वाक्य बोलले होते, "त्या बापटल्याच्या बदलीला मीच नाही म्हनाया पायजे होतं." मी त्यांना सांगितलं की तसं काही नसतं. ते ऐकून घेतात, पटवून घेत नाहीत.

एक वाट मात्र उघडी होती. त्याच पदावरचा, तेलंगणात पडलेला आणि आंध्रात राहू इच्छिणारा माणूस सापडला तर दोघांची अदलाबदल होऊ शकत होती. ऑफिसातल्या ओळखीतून मला तसा माणूस सापडला. त्याचं नाव मूर्ती. विशाखापट्टणमजवळच्या भीमिलीचा. शाळा वरंगळला झाली म्हणून तेलंगणात ढकललेला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला भीमिली सोडायची नव्हती. फोनवर आम्ही दोघं एकमेकांचं इतकं ऐकून घेत होतो की कुणी ऐकलं असतं तर सोयरीक जमतेय असं वाटलं असतं. "या, समोरासमोर बसून ठरवू," तो म्हणाला.

रात्रीच्या गाडीनं जाऊन परत येता आलं असतं. मी ठरवलं की आपल्या जुन्या मोटारीनं जायचं, एकट्यानं, नल्लमलाच्या जंगलातून उतरून, मग किनारा धरून वर. रजा साठलेली होती. आणि मनात असंही होतं की जे राज्य आपल्या माथी मारलंय ते एकदा बघावं तरी. आमच्यात एकट्यानं फिरायला जायची पद्धत नाही. जायचं तर नातेवाइकांकडे, नाहीतर दीक्षाभूमीला, आणि तेही गाडी भरून.

शालिनी म्हणाली, "जा. पण तोंड पाडूनच बसायचं असेल तर इथंच बस, निदान पेट्रोल वाचेल."

बाबा दारापर्यंत भिंत धरत आले. "हल्लू चालव," ते म्हणाले. "अन् त्या मानसाला हात जोडून विचार. आपल्याला लाज नक्को."

नल्लमला

मे महिन्यात व्याघ्रप्रकल्पातून जाण्याइतका दुसरा अरसिकपणा नाही. मन्ननूरच्या नाक्यावर रानात शिरलो तेव्हा सकाळ होती आणि तरी हवा तापलेली. सागाला पान नव्हतं. कुठंकुठं गवत जळून काळं पडलं होतं. मी वाचलेल्या सगळ्या प्रवासवर्णनांमध्ये जंगल हिरवंगार असतं आणि लेखकाला निदान एक हरीण तरी दिसतं. मला वानरं दिसली. फर्‍हाबादच्या फाट्याजवळ गाडी सावलीला लावून, शालिनीनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बॉनेटवर मांडली आणि हात धुवायला वळलो. वळून बघतो तर एक आडदांड हुप्प्या दशम्या घेऊन झाडावर. चटणीचा डबा त्यानं उघडून, हुंगून, खाली टाकला. मी पावाबरोबर ती चटणी खाल्ली आणि बायकोला फोनवर दशम्या उत्तम झाल्या होत्या असं सांगितलं.

घाट उतरून कृष्णेवर आलो. श्रीशैलमच्या धरणाचं डाव्या काठचं वीजघर तेलंगणाचं आणि उजव्या काठचं आंध्राचं, अशी वाटणी झालेली. दोन्हीकडे पोलीस खुर्च्या टाकून बसले होते. मध्ये पाणी असायला हवं होतं, पण त्या वर्षी ते जवळजवळ नव्हतंच. तळाचे खडक आणि वाळलेला गाळ दिसत होता. मी पुलावरून हळू गेलो. आपण आता आपल्या राज्यात शिरलो असं काहीतरी वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

दोर्नालाला चहाच्या टपरीवर थांबलो. माझ्या गाडीची पाटी जुनी, म्हणजे आंध्राचीच, त्यामुळे आधी कुणी लक्ष दिलं नाही. चहा मागायला तोंड उघडलं आणि टपरीवाला हसला. "तेलंगाणा?" त्यानं विचारलं. दोन वाक्यांत त्यानं मला पकडलं. "काय सर, हैदराबाद तुमच्याकडेच ठेवून घेतलंत की!" तो चेष्टेनंच बोलला होता, आणि चहाही चांगला दाट दिला. पण मला हसू आलं नाही. हैदराबादेत आम्ही मराठी. नांदेडच्या सोयऱ्यांना आम्ही तेलंगी वाटतो, ते आमच्या बोलण्याची नक्कल करतात. कुणी मला सरळ तेलंगणाचा म्हणायची ही पहिलीच वेळ, आणि ती आली मी तेलंगणातून बाहेर फेकला गेल्यावर. हा विचार मी मार्कापूरपर्यंत घोळवत गेलो आणि शेवटी रस्ता चुकलो.

बापटला

लहानपणच्या गावी पुन्हा जाऊ नये असं म्हणणाऱ्यांना मी भित्रे समजत होतो. रेल्वे क्वार्टर्स पाडून तिथं लोखंडी सामानाचं आवार केलेलं. शाळेला सुट्टी, फाटकाला कुलूप. फाटकातून पिंपळाचा पार दिसत होता, त्याला आता चकचकीत फरशी बसवलेली. माझ्या सगळ्या भवितव्याचा निकाल ज्या इमारतीनं लावला ती अशी कुलपाआड, पिवळा रंग मारून उभी होती. तिला दोष देण्यासारखं काही दिसेना.

जेवायला स्टेशनजवळच्या खाणावळीत गेलो. चालवणारी बाई साठीची असेल, सगळे तिला अक्का म्हणत होते. केळीच्या पानावर डाळ, गोंगुराची, म्हणजे अंबाडीची, चटणी, वांग्याचे काप आणि मागाल तितका भात. आपल्याकडे पोळी संपली की भात येतो. इथं भातानं सुरू होऊन भातानंच संपतं, पोळीचं नावही नसतं. मराठवाड्याच्या माणसाला पहिल्या घासाला चुकल्यासारखं होतं. मी भाकरी शोधत होतो हे अक्कांच्या लक्षात आलं असावं.

"कुठले?" त्यांनी विचारलं.

कसा कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "इथलाच."

त्यांनी डावात पुन्हा भात घेतला. "इथला माणूस असं बोलत नाही, बाबू," त्या म्हणाल्या, आणि आणखी तुपाची धार घातली. बोलण्यात जराही कडवटपणा नव्हता. मी मान खाली घालून जेवलो. सरकार मला इथला म्हणत होतं आणि खाणावळवाली नाही म्हणत होती, आणि माझा विश्वास खाणावळवालीवर होता.

संध्याकाळी सूर्यलंकेच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्र सुंदर होता हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. वाळू सपाट, लांबच लांब, सरूची झाडं, आणि मावळतीचा प्रकाश मागून पाण्यावर पडलेला. पूर्वेच्या समुद्रात सूर्य बुडत नाही. अंधार पाण्याकडून येतो आणि अंगावर चढतो. एक बाई ताडगोळे विकत होती. आपल्याकडे ते सोलून, पांढरे करून पिशवीत देतात. इथं कोयत्यानं फळाचं टोक उडवतात आणि अख्खं फळ हातात देतात. आत अंगठा घालून गर काढायचा आणि तोंडात ओढायचा. चाळीस वर्षांत मी ते केलं नव्हतं, पण अंगठा बरोबर आत गेला. शर्टवर पाणी ओघळलं. त्या बाईनं खूश होऊन दुसरं फोडलं. मला एकाएकी फार एकटं वाटलं, आणि शालिनीला फोन लावला. ती सुट्टीतल्या वर्गाच्या वह्या तपासत होती. बाबा जेवले का विचारलं, तर म्हणाली, जेवले, पण तू कुठं पोचलास हे चार वेळा विचारलंय.

पापिकोंडा

किनारा धरून मछलीपट्टणमला गेलो. तिथला हलवा घरी नेण्यासाठी घेतला आणि उन्हात त्याचं तूप झालं, ते गाडीच्या सीटला अजून आहे. तिथून वर गोदावरीवर. नांदेडला जी नदी आम्ही घाटावरून बघतो ती इथं येईपर्यंत एवढी रुंद होते की पलीकडचं माणूस ओळखू येत नाही. मे महिना असूनही मधल्या धारेत लाँच चालू होती. पापिकोंडाच्या राष्ट्रीय उद्यानातून, दोन्हीकडच्या डोंगरांमधून ती दिवसभर नेऊन आणते.

लाँचवर सगळी कुटुंबं होती, आणि मी. हैदराबादहून एकटा आलेला, पन्नाशी ओलांडलेला, उदास तोंडाचा माणूस. लाँचवरच्या पोऱ्याटोऱ्यांचा म्होरक्या नागराजू नावाचा गृहस्थ होता. त्यानं मला दोनदा विचारलं की पोहता येतं का. तिसऱ्यांदा त्यानं मला कठड्याजवळून उठवून आतल्या बाकावर, एका जाड सासूबाईंच्या आणि त्यांच्या सुनेच्या मध्ये बसवलं. मला वाटलं ऊन लागतंय म्हणून. मग सासूबाईंनी चिंचेचा भात माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "घरी बायको-मुलं आहेत ना? मग असं काही मनात आणायचं नाही." मी जीव द्यायला आलोय अशी सगळ्या लाँचची खात्री झाली होती. मी कितीही समजावलं तरी नागराजू उतरेपर्यंत माझ्या मागून हलला नाही.

डोंगर मात्र बघण्यासारखे होते. नदी अरुंद होत जाते, कडे जवळ येतात, बांबूची बेटं पाण्यापर्यंत उतरतात. लाँच कोया आदिवासींच्या एका पाड्याशी थांबली. बांबूच्या टोपल्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्याशी मी बोलायला लागलो. त्याला माझं तेलंगणाचं तेलुगू आवडलं. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचं गावही तिकडेच, तेलंगणातच होतं.

"मग आता?"

"आता इकडे. आम्ही काही हललो नाही, राज्यच सरकलं." त्यानं खालच्या अंगाला हात केला. तिकडे मोठं धरण होत होतं. "पाणी चढलं की मग आम्ही हलणार."

मी एक टोपली घेतली. त्याला म्हणणार होतो की मलाही असंच, पण त्याचं जाणार होतं घर, शेत आणि झाडं, आणि माझी होणार होती बदली.

भीमिली

राजमहेंद्रीहून विशाखापट्टणमपर्यंतचा हमरस्ता मी विसरलोय. भीमिलीचा रस्ता लक्षात आहे, कारण तो सबंध समुद्राच्या कडेनं जातो, डावीकडे लाल मातीचे उंचवटे आणि उजवीकडे पाणी. गावात डच लोकांची जुनी थडगी आहेत, दीपगृह आहे, आणि नदी समुद्राला मिळते तिथं कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात. मूर्तींचं घर त्या होड्यांच्या अलीकडच्या गल्लीत होतं.

दार मूर्तींनीच उघडलं. डोकं भादरलेलं होतं आणि त्यावर पेरभरही नसलेले केस उगवत होते. त्यांच्या मागे, भिंतीलगतच्या स्टुलावर एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो, त्याला झेंडूचा हार आणि पुढे तेवती समई.

सगळं कळायला मला चप्पल काढण्याएवढाही वेळ लागला नाही. आणि त्या क्षणी मला त्या बाईंबद्दल दुःख झालं नाही, मला माझं दुःख झालं. या आईसाठी हा माणूस इथं राहणार होता. आता त्याला इथं राहायचं कारण उरलं नव्हतं.

"रंडी, रंडी, कूर्चोंडी," म्हणजे या, या, बसा, असं तेलुगूत म्हणत त्यांनी मला आत घेऊन बसवलं. त्यांच्या पत्नीनं पाणी आणलं. मी फोटोकडे बघून हात जोडले. "कधी?" मी विचारलं. एप्रिलच्या अखेरीस, ते म्हणाले. झोपेतच. आणि मग त्यांनी मला प्रवास कसा झाला ते विचारलं.

त्यानंतर जे झालं ते सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. आमच्याकडे पाहुण्यानं आपलं काम आपण होऊन काढायचं नसतं. यजमान विचारेल तेव्हा सांगायचं. त्यांच्याकडे, मला नंतर कळलं, दारी आलेल्या माणसाला जेवूखाऊ घालण्याआधी वाईट बोलायचं नसतं. त्यामुळे मी त्यांच्या बोलण्याची वाट बघत होतो आणि ते मला जेवायला वाढत होते. दुपारी जेवलो. घरात अजून मासे सुरू केलेले नव्हते, पण पाहुण्यासाठी बाहेरून मागवू का असं वहिनींनी दोनदा विचारलं. मी नको म्हटलं. डाळ, आंब्याची आमटी, दही. संध्याकाळी त्यांनी मला डचांची थडगी दाखवली. मग दीपगृह दाखवलं. मग होड्या. प्रत्येक ठिकाणी मला वाटे, आता बोलतील. रात्री पुन्हा जेवण. त्यांनी माझी गादी त्याच खोलीत घातली, आणि मी समईच्या उजेडात त्या फोटोकडे बघत पडून राहिलो. चेहरा माझ्या आईसारखा मुळीच नव्हता, तरी आई आठवत राहिली.

सकाळी मूर्ती म्हणाले, "तुमचं देऊळ आहे जवळच. चला." आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना फोनवरच्या बोलण्यातून माहीत होतं. त्यांनी मला तोटलकोंड्याच्या टेकडीवर नेलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विहाराचा पाया तिथं शिल्लक आहे, स्तूपाची विटांची जोती, भिक्षूंच्या खोल्यांचे चौकोन, आणि खाली सगळा समुद्र. मी जोत्यापाशी बसून मनातल्या मनात वंदना म्हटली. बाबांना इथं आणता आलं असतं तर त्यांनी विटांना हात लावून बघितलं असतं. मूर्ती जरा लांब, चप्पल काढून उभे होते. माझं झाल्यावर ते शेजारी येऊन बसले.

"सर, मला तुम्हाला फोनवर सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"तुम्ही निघताना फोन केलात तेव्हा अम्मा जाऊन आठवडा झाला होता. मी या म्हणालो. मला वाटलं, तुम्ही समोर आलात, तुमचं तोंड बघितलं, की मी हो म्हणेन. माणूस इतक्या लांबून येतोय, त्याच्या घरी म्हातारे वडील आहेत." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "काल दिवसभर मी तेच करत होतो. हो म्हणायला बघत होतो."

"आणि?"

"मुलगा हैदराबादला आहे. सून, नात तिथं. माझी बायको तिथं जायला वर्षानुवर्षं आसुसली आहे. अम्मा होती म्हणून मी भांडत होतो. आता इथं त्या घरात आम्ही दोघं काय करू?" आणि ते रडायला लागले. साठीकडे झुकलेला, डोकं भादरलेला माणूस, गुडघ्यांत तोंड घालून. खाली होड्या परत येत होत्या.

बाबांनी मला हात जोडायला सांगितलं होतं. मी जोडले नाहीत. हात जोडून काय मागणार? आपल्या नातीजवळ जाऊ नका असं? मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "तुम्ही जा." ते बोलताना मला बरं वाटलं नाही. राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

टेकडी उतरताना ते सावरले. डोळे पुसून, अगदी भाबडेपणानं त्यांनी विचारलं, "तुमच्या नल्लकुंट्यात भाड्यानं घर मिळेल का? मुलाचा फ्लॅट लहान आहे. जवळ असलं तर बरं."

मी सांगितलं. कुठली गल्ली शांत आहे, कुठं पाणी रोज येतं, नारायणगुड्याला चालत किती लागतं, कुठल्या घरमालकाशी वाद घालू नये. ते लक्ष देऊन ऐकत होते, मध्येमध्ये विचारत होते. सगळी माहिती देऊन झाल्यावर मला जाणवलं की मी स्वतःची जागा या माणसाला समजावून देतोय.

निघताना वहिनींनी आंबापोळीची चवड बांधून दिली. आमच्यात दुःखाच्या घरातून बाहेर पडताना 'येतो' म्हणत नाहीत. त्यांच्यातही नाही. मी फोटोला नमस्कार केला, कुणाकडे न बघता गाडीत बसलो, आणि आरशात बघितलं तर मूर्तीही माझ्याकडे पाठ फिरवून, दाराकडे तोंड करून उभे होते.

नल्लकुंटा

परतीचा रस्ता मी सरळ हमरस्त्यानं कापला. विजयवाड्याच्या पुढे नवी राजधानी होणार होती ती जागा बघून जाऊ असं ठरवलं होतं, पण फाटा आला तेव्हा गाडी वळवली नाही. बघायची ती आता रोजच बघावी लागणार होती.

घरी पोचलो तेव्हा शालिनीनं दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पिशवी हातातून घेतली. बाबा आपल्या खुर्चीत होते. मी त्यांच्यासमोर मोड्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. दार, फोटो, टेकडी, सगळं. ते ऐकत होते, नजर माझ्या खांद्याच्या जरा वर.

"किती वर्साची होती बाई?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याएवढी असेल."

"झोपेत गेली?"

"हो."

"अन् लेक घरात होता."

"होता, बाबा."

"मग चांगलं झालं तिचं," ते म्हणाले.

शालिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी वाटभर पाठ करत आणलेलं बोलायला लागलो. म्हटलं, तिकडे पाच दिवसांचा आठवडा करणार आहेत. बरेच जण इथूनच जाऊन-येऊन करणार. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसलो की रात्री घरी. शनिवार-रविवार पूर्ण तुमच्याजवळ. सोमवारी पहाटे निघायचं, तुम्ही झोपेत असताना, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. दर हप्त्याला, बाबा, एकही चुकवणार नाही.

बाबांनी हात पुढे करून माझा गुडघा चाचपला आणि तिथंच हात ठेवला.

"नक्को," ते म्हणाले. "म्हैन्यातून एकदाच येत जा. दर सोमवारी तू जायलास ते ऐकत पडायचं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."